वाड्यांच्या गावात लाँड्री चालवायची तर

वाई, पैठण, पंढरपूर, नाशकातली पंचवटी, पुण्याच्या जुन्या पेठा. अशा ठिकाणी लाँड्री काढायचं मनात आलं की माणूस आधी वॉशिंग मशीनच्या किमती विचारत सुटतो. माझं मत उलट आहे. इथं धंदा इस्त्रीवर उभा राहतो, आणि कुणाच्या घरचा कपडा कुठला हे न विसरण्यावर टिकतो. मशीन सगळ्यात शेवटी घ्यायचं. पुढचं सगळं वाई डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, कारण तिथं नदी, घाट, वाडे, लॉज आणि बाजारपेठ हे सगळं चालत जाण्याच्या अंतरात आहे. तुमचं गाव दुसरं असेल तर नावं बदला, कामाचा क्रम बहुतेक तोच राहील.

आधी आळ्या फिरा

वाईत गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड अशा आळ्या आहेत. कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सव जसा आळीआळीने वेगळा होतो, तशी धुण्याची गरजही आळीआळीने बदलते. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ नुसते फिरा आणि दांड्यांवर, गॅलरीत काय वाळतंय ते बघा. सुती नऊवारी आणि धोतरं दिसली तर तिथं खळ आणि कडक इस्त्रीचं काम आहे. शाळेचे गणवेश दिसले तर आई-बाप दोघं कामावर जाणारं घर आहे. काहीच वाळत नसेल आणि दार अर्धं लोटलेलं असेल, तर बहुधा मुलं पुण्या-मुंबईला आणि घरात दोघंच वयस्कर. रोजचे कपडे ते स्वतः धुतात, पण ओली चादर पिळणं आणि पडदे काढून परत लावणं त्यांच्याने होत नाही. या घरांकडे कुणाचं फारसं लक्ष नसतं, आणि महिन्याच्या महिन्याला ठरलेलं काम तिथूनच येतं.

पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरचे लॉज आणि होमस्टे हे दुसरं गिऱ्हाईक. त्यांना पांढऱ्या चादरी आणि टॉवेल उद्या सकाळी म्हणजे सकाळीच लागतात. सुरुवातीला असं एकच ठिकाण धरा. दोन धरलीत तर शनिवार-रविवारी आळीतल्या काकूंचा कपडा मागे पडेल. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर चित्रीकरण आलं की पोशाखांचं काम एकदम येतं आणि एकदम जातं. ते आलं तर घ्या, त्याच्या भरवशावर भाडं ठरवू नका.

जागा बघण्याआधी आणखी एक काम आहे. गावात परिटांची घरं पिढ्यानपिढ्या आहेत. बारा बलुतेदारांत परीट होता, सुगीला त्याला धान्य मिळायचं, लग्नात पायघड्या घालायचा मान त्याचा. अनेक दुकानांत आजही गाडगेबाबांचा फोटो असतो. ते स्वतः परीट समाजातले. तुम्ही याच घरातले असाल तर हे सांगायची गरज नाही. बाहेरचे असाल तर जुन्या दुकानदाराला आधी जाऊन भेटा, त्याची गिऱ्हाइकं कुठल्या आळीत आहेत ते विचारा, आणि तुमच्याकडे जास्तीचं काम आलं तर त्याला द्यायचं कबूल करा. दर पाडून गिऱ्हाईक फोडायला गेलात तर लहान गावात ती गोष्ट दुपारपर्यंत सगळ्यांना कळते.

जागा आणि वीज

वाड्याच्या दर्शनी भागातली, रस्त्याला उघडणारी खोली मिळाली तर उत्तम. दहा बाय बारा फूट पुरते. मागे चौक किंवा परस असेल तर वाळवणाची सोय होते. घाटालगतची स्वस्त जागा मात्र पावसाळ्याचा विचार करून घ्या. धोम धरणातून विसर्ग वाढला की कृष्णेचं पाणी घाट चढून वर येतं. शेजाऱ्याला विचारा, पाणी आजवर कुठपर्यंत आलं होतं, आणि कपड्यांच्या फळ्या त्याच्या वरच ठोका.

जुन्या वाड्यातली वायरिंग इस्त्रीचा भार धरत नाही. घरगुती इस्त्री साधारण १००० वॉटची. अशा दोन, वर पंखा आणि दिवे, म्हणजे जुन्या वायरला ताण आलाच. इस्त्रीसाठी मीटरपासून स्वतंत्र लाइन ओढा, एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारं बटण) आणि अर्थिंग बघून घ्या, आणि महावितरणकडून व्यापारी जोडणी घ्या. घरमालकाच्या मीटरवरून चोरून चालवलेलं दुकान पहिल्या भांडणात बंद पडतं.

वाड्यात भरपूर लाकूड असतं, तेव्हा कोळशाची इस्त्री नकोच म्हणेन. एक ठिणगी कपड्याला भोक पाडते, आणि निवली असं समजून ओतलेली राख रात्रभर धुमसत राहू शकते. गॅसवरची इस्त्री वजनदार असते, सुती कपड्यावर तिची घडी छान बसते आणि वीज गेली तरी काम थांबत नाही. पण तिला १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडरच हवा, घरचा १४.२ किलोचा दुकानात वापरणं बेकायदा आहे. सिलिंडर उभा ठेवा, टेबलाखाली कोंडू नका, नळी वेळच्या वेळी बदला. या इस्त्रीची आच हातानेच सांभाळावी लागते, म्हणून शेजारी एक जुनी चिंधी ठेवा. प्रत्येक नव्या कपड्याआधी इस्त्री चिंधीवर फिरवायची. टेरिकॉट आणि नायलॉन वाचतात ते या सवयीमुळे.

पहिले सहा महिने फक्त इस्त्री

टेबल कमरेइतकं उंच, वर जुनं ब्लँकेट चौपदरी, त्यावर धुतलेली सुती चादर ताणून बांधलेली. चादर दर दोन दिवसांनी बदला, नाहीतर तिचा मळ पांढऱ्या शर्टाला लागतो. सुती कपड्यांवर पाणी शिंपडून, गुंडाळून तासभर ठेवा. असा दमट कपडा निम्म्या कष्टात सरळ होतो. शर्टाला कॉलर, खांदा, कफ, बाही आणि मग अंग हा क्रम सोडू नका. सरावलेला हात एक शर्ट तीन-चार मिनिटांत काढतो. नवशिक्याला दुप्पट वेळ लागतो. त्याने सुरुवातीला चादरी आणि लुंग्या घ्याव्यात.

खळीचं काम हल्ली फार थोडे करतात, म्हणून ते शिका. मूठभर साबुदाणा दोन लिटर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा, गाळायचा, आणि गाळलेलं पाणी बादलीत पातळ करून त्यात धुतलेलं लुगडं किंवा धोतर बुडवायचं. पिळताना जोर नको. सावलीत वाळवून, थोडं दमट असतानाच इस्त्री. खळ घातलेला कपडा महिनोन्‌महिने कपाटात ठेवू नका असं गिऱ्हाइकाला सांगायचं, कारण खळीला कसर लागते. पांढऱ्या कपड्यांना नीळ देताना पूड थेट बादलीत टाकू नका. फडक्याच्या पुरचुंडीत बांधून पाण्यात फिरवा, आणि कपडा त्यात पडू न देता सतत हलवा. नाहीतर निळे ढग उमटतात आणि ते काढण्यात दिवस जातो.

कपडा घेताना पाच मिनिटं जास्त द्या

लाँड्रीतली निम्मी भांडणं कपडा देताना होतात आणि त्यांचं मूळ कपडा घेतानाच्या घाईत असतं. कपडा टेबलावर उलगडायचा. खिसे तपासायचे. बटणं मोजायची. डाग, विरलेली जागा, उसवलेली शिवण गिऱ्हाइकासमोरच बोटाने दाखवायची: "काकू, हा डाग आधीचाय, लिहून ठेवतो हं." काकूंना राग येत नाही, उलट विश्वास बसतो. मग वहीत तारीख, नाव, आळी, नग, डाग आणि कधी द्यायचं ते. मोबाइलवर फोटोही काढा, पण वही ठेवाच, कारण निम्मी जुनी गिऱ्हाइकं फोटो बघत नाहीत, वहीतलं अक्षर बघतात.

खुणेसाठी पूर्वी बिब्ब्याचा रस वापरत. तो कधीच जात नाही, पण कुणाला बिब्बा उतला तर मानेवर फोड येतात, म्हणून तो प्रकार बंद केलेला बरा. स्टेपलच्या पिनाही नकोत. धुण्यात गंजतात आणि कॉलरवर तांबडा ठिपका उमटतो. जुन्या सुती चादरीच्या बोटभर पट्ट्या फाडा, न पुसणाऱ्या पेनाने त्यावर आकडा लिहा आणि काजातून ओवून गाठ मारा. प्रत्येक घराला एक कायमचा आकडा द्या. वर्षभरात कुठला आकडा कुठल्या आळीचा हे हाताला पाठ होतं.

सोवळ्याबद्दल एक शब्द. पूजेचं सोवळं किंवा कद काही घरं बाहेर देत नाहीत. त्यांना त्याबद्दल विचारूही नका. गुरुजींनी स्वतःहून दिलंच, तर इतर कपड्यांत मिसळू नका, वेगळ्या पिशवीत ठेवा आणि त्याच पिशवीत परत करा.

धुलाई: पाणी आधी, मशीन नंतर

इस्त्रीच्या वहीतून लोक काय धुवायला देऊ इच्छितात हे कळलं की मग मशीनचा विचार. त्याआधी पाणी तपासा. नदीचं, नगरपरिषदेच्या नळाचं पाणी बहुतेक सौम्य असतं. बेसॉल्ट खडकातल्या बोअरचं जड असू शकतं. पारदर्शक बाटली अर्धी पाण्याने भरा, अंगाच्या साबणाचा कीस टाका, जोरात हलवा. दाट फेस आला आणि खालचं पाणी स्वच्छ राहिलं तर ठीक. फेस थोडा आणि पाणी दुधट झालं तर पाणी जड आहे. अशा पाण्यात पावडर जास्त लागते, पांढरे कपडे हळूहळू करडे पडतात आणि टॉवेल खरखरीत होतात. शक्य असेल तर शेवटची खळबळणी तरी नळाच्या पाण्यात करा. ते जमत नसेल तर सॉफ्टनर बसवायचा खर्च मशीनच्या किमतीतच धरा.

सुरुवातीला समोरून दार असलेलं आठ किलोचं मशीन पुरतं. ते रिकामंच साठ-सत्तर किलोचं असतं आणि पिळताना मिनिटाला हजारावर फेरे घेतं. म्हणून माडीवर, लाकडी पाटणीवर ते कधीही ठेवू नका. खाली दगडी फरशीवर ठेवायचं, फरशी डुगडुगत असेल तर आधी काँक्रीटचा सपाट चौथरा, त्यावर रबरी पॅड. मातीच्या भिंतीपासून वीतभर लांब, आणि पिळायचा वेग आठशेपर्यंत उतरवून. जुन्या भिंतीला कंप आणि ओल दोन्ही सोसत नाहीत. सांडपाण्याचा पाइप गटारापर्यंत सलग न्या. भिंतीच्या पायथ्याशी मुरणारं पाणी वाडा आतून पोखरतं. नदीत किंवा घाटाच्या पायरीवर साबणाचं पाणी सोडायचं नाही. आपले आजोबा तिथंच धुवत असत हे खरं, पण तेव्हा इतकी पावडर नव्हती.

पावसाळ्यात वेळ वाढवून सांगा. आषाढ-श्रावणात दोन दिवसांऐवजी चार दिवस. दोनदा पिळा, छताखाली दोऱ्या बांधा, पंखा खालून लावा, आणि अर्धवट वाळलेला कपडा इस्त्रीने कोरडा करायचा मोह टाळा. घडीत राहिलेला ओलावा कुबट वास होऊन गिऱ्हाइकाच्या कपाटात पोचतो.

डाग

पहिला नियम, कुठल्याही डागावर इस्त्री नाही. उष्णतेने डाग पक्का होतो. दुसरा, बाजूच्या शिवणीत आतून एक थेंब लावून बघितल्याशिवाय काहीही ओतायचं नाही.

हळदीच्या डागाने नवा माणूस हमखास घाबरतो. लग्नातला पांढरा कुर्ता येतो, खांद्यावर पिवळा हात उमटलेला. साबण लावला की तो डाग क्षणात लालभडक होतो, रक्तासारखा. कपडा बिघडलेला नसतो. हळदीचा रंग अल्कलीत लाल होतो, एवढंच. भरपूर पाण्याने साबण काढा, शेवटच्या पाण्यात थोडं लिंबू पिळा, लाली उतरून पिवळा परत येतो. मग उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, दोन-तीन उन्हांत फिका होत जातो. रंगीत कपडा असेल तर उलटा करून आणि नजर ठेवून.

देवदर्शनाचा शेंदूर तेलात कालवलेला असतो, म्हणून आधी पाणी लावायचं नाही. वाळू द्या, बोथट चाकूने खरवडा, टाल्कम पावडर दाबून तेल शोषून घ्या, मग साबण. रक्ताला फक्त थंड पाणी. लोखंडाच्या गंजाला लिंबू आणि मीठ, उन्हात. गुलाल आधी कोरडाच झटका. पानाची पिंक आणि केळीचा चीक जाईलच असं कधी बोलू नका; "बघतो, पण खात्री नाही" हे उत्तर आधीच द्यायचं.

ब्लीच फक्त पांढऱ्या सुतीवर. रेशीम आणि लोकर त्यात गळून जाते. आणि ब्लीचमध्ये फरशी धुण्याचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका. त्यातून निघणारा क्लोरिन वायू बंद खोलीत जीवघेणा ठरतो. दुकानात दोन्ही बाटल्या एका फळीवर ठेवायच्याच नाहीत.

पैठणी आणि ड्रायक्लीनिंग

जुन्या गावातल्या कपाटांत पैठण्या, शालू, इरकली असतातच, आणि आजीची पैठणी बिघडली तर ती भरून देता येत नाही. इरकल सुती असेल तर पहिल्यांदा नुसत्या थंड पाण्यात, एकटी, रंग सुटतोच. जरीची रेशमी साडी पाण्यात घालायची नाही. काठाला इस्त्री उलट बाजूने, मध्ये मलमलचं फडकं ठेवून. परत देताना प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, सुती फडक्यात गुंडाळून द्या, आणि सांगा: घडी दर काही महिन्यांनी मोडून वेगळी घाला, डांबराची गोळी जरीला लागू देऊ नका, अत्तर साडी नेसण्याआधी लावा. एवढं सांगणारा दुकानदार लोकांच्या लक्षात राहतो.

ड्रायक्लीनिंग स्वतः करायला जाऊ नका. काही ठिकाणी अजून पेट्रोल किंवा टर्पेंटाइनसारखी द्रव्यं वापरतात. लाकडी वाड्यात, शेजारी गरम इस्त्री असताना, ते आगीला आमंत्रण आहे. साताऱ्यासारख्या जवळच्या शहरातल्या चांगल्या ड्रायक्लीनरशी ठरवा, आठवड्यातून दोनदा कपडे पोचवा, आणि तुमचं कमिशन उघड ठेवा. चरख (साडी रुळांतून काढून तिला चकाकी देणं), रोल प्रेस, रफू हीसुद्धा कामं अशीच बाहेरून करून आणता येतात. फक्त आधी तिथं जाऊन त्यांचं काम डोळ्यांनी बघा, कारण साडी बिघडली तर गिऱ्हाईक तुमच्या दारात येणार.

गोधड्यांचे दिवस

घट बसायच्या आधी घराघरांतून अंथरूण-पांघरूण धुवायला निघतं. गोधड्या, वाकळा, जाजमं, पडदे. या दिवसांत वर्षातलं सगळ्यात मोठं काम येतं, आणि ऊन बेभरवशाचं असतं. म्हणून भाद्रपद लागताच आळीवार वार वाटून द्या: सोमवारी गंगापुरी, मंगळवारी मधली आळी. रोज किती गोधड्या घ्यायच्या ते वाळवायच्या जागेवरून ठरवा.

गोधडी मशीनमध्ये घालू नका. जुन्या लुगड्यांचे थर पाणी पितात, वजन कितीतरी पट होतं, मशीन थडथडतं आणि धावदोरा उसवतो. त्यापेक्षा हौद बरा. कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास भिजवून, पायांनी तुडवून, तीन पाण्यांतून काढून, काठावर निथळत ठेवायची. पिळायची नाही. दोन माणसांनी दोन टोकांना धरून वलणीवर टाकायची, आणि दुपारी उलटायची. घोंगडीचं तंत्र वेगळं. ती झटकून, ब्रश करून, उन्हात ठेवणं पुष्कळ झालं. धुवायचीच असेल तर थंड पाणी आणि रिठा, नाहीतर लोकर आटून ती घट्ट होते.

कागद आणि कर्ज

मोजकी माणसं असतील तर महाराष्ट्रात दुकान कायद्याखाली ऑनलाइन सूचना दिली की भागतं, त्याची पावती भिंतीवर लावा. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी पैसे मागणाऱ्याला देऊ नका. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी लागत नाही. वाडा वारसा यादीत असेल तर पाइप, बोर्ड, भिंत फोडणं याआधी नगरपरिषदेत विचारा.

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत धोबीकाम आहे. प्रशिक्षण काळात रोज ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपयांचं साहाय्य, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाख असं कर्ज. एका कुटुंबातल्या एकालाच मिळतं. माझं मत, पहिल्या लाखात मशीन घेऊ नका; चांगल्या दोन इस्त्र्या, टेबलं, वायरिंग आणि फळ्या यात घाला.

दर, वही, उधारी

दर बोर्डावर लिहा, ठळक. छोट्या गावात इस्त्रीचा नग साधारण ८ ते १५ रुपयांच्या आसपास असतो. तुमच्या आळीतला दर विचारून त्याच्या जवळ राहा. हिशेब असा घाला: समजा रोज ८० नग, १० रुपयांनी, महिन्यात २६ दिवस. २०,८०० रुपये झाले. यातून भाडं, वीज किंवा गॅस, मदतनिसाची मजुरी वजा करा. उरतं ते कमी वाटलं तर दर वाढवण्याआधी दोन आळ्या वाढवा. महिन्याचं ठरवून घेणाऱ्या घरांना थोडी सूट परवडते, कारण त्या कामासाठी गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

पिशवी घरी जाऊन आणण्याचे वेगळे पैसे घेऊ नका. बोळातून सायकल जाते, टेम्पो जात नाही, तेव्हा तसंही ते काम पायी किंवा सायकलवरच होतं. वयस्करांच्या घरी पडदे काढून आणून परत लावून द्यायचे थोडे जास्त घेतले तर कुणी कुरकुरत नाही.

उधारी देणार असाल तर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत, आणि वही उघडून दाखवून मागा. कपडा हरवला किंवा जळला तर त्याच दिवशी स्वतः जाऊन सांगा. भरपाई किती देणार हे पावतीच्या मागे आधीच छापलेलं असू द्या, म्हणजे ओट्यावर घासाघीस होत नाही. न नेलेले कपडे ही कायमची कटकट. पावतीवर तीन महिन्यांची मुदत लिहा, मुदत संपायच्या आधी दोनदा फोन करा, मग शेजाऱ्याकडे निरोप ठेवा. जुन्या गावात नुसत्या निरोपानेच बहुतेक कपडे हलतात. त्यातूनही उरलेले वेगळ्या पेटीत, आकड्याच्या चिंधीसकट ठेवा. गणपतीला किंवा दिवाळीला पुण्याहून मुलगा येतो आणि बाबांचा कोट विचारतो.